शेवटचा हात कुणाचा?

नाशिकला जाऊन आलो म्हटलं की पुण्यात लोक दोनच गोष्टी विचारतात : त्र्यंबकेश्वर झालं का, आणि चिवडा आणलास का. या खेपेला त्र्यंबक फक्त एसटीच्या खिडकीतून दिसलं आणि चिवडा मी विसरलो. एका गाडीचं ब्रेकचं पॅडल मऊ का लागतं एवढंच बघायला गेलो होतो, त्यात पाच दिवस गेले. ज्यांनी नाशिक देवळांसाठी नाहीतर द्राक्षांसाठी पाहिलंय त्यांना हे नाशिक ठाऊक नसेल, म्हणून लिहितो. दुसरं कारण असं की एक गोष्ट मी अठरा वर्षं कुणाला बोललो नव्हतो. आता तोंडानं बोलून झाली आहे, तेव्हा लिहायलाही हरकत नाही.

ती गोष्ट आधीच सांगून टाकतो.

माझी एक जुनी विलायती स्पोर्ट्‌स कार आहे. लाल, दोन दारांची, दोनच सीटा, मागे दुमडणाऱ्या छताची. वयानं माझ्याहून चार वर्षांनी लहान. अठरा वर्षांपूर्वी भाऊबिजेला ती घेऊन मी ताईकडे नाशिकला गेलो. दुसऱ्या दिवशी दाजींना म्हटलं, "ताईला घेऊन एक चक्कर मारून या." दाजी शाळेत भूगोल शिकवायचे. जपून चालवणारा माणूस. त्र्यंबकच्या पुढे, हरसूलच्या रस्त्याला एका वळणावर गुरं आडवी आली. दाजींनी ब्रेक दाबला, गाडी थांबली नाही. त्यांनी ती कडेच्या दगडी कठड्यावर घातली. गुरं वाचली, दाजींना खरचटलं, ताईचं डावं कोपर मोडलं. अंबाडा घालताना तिचा तो हात अजून वरपर्यंत जात नाही.

दवाखान्यात दाजी एकच सांगत होते, "पॅडल खाली गेलं हो." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "सकाळी मीच चालवली की. ब्रेक एकदम ओके होते."

नव्हते. सकाळी पॅडल स्पंजासारखं लागत होतं. लागोपाठ दोनदा दाबलं की घट्ट व्हायचं, म्हणून मी दोनदा दाबत होतो. दाजींना ते सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे काय, सांगितलं असतं तर त्यांनी चावीच घेतली नसती, आणि मला गाडी मिरवायची होती.

तेव्हापासून दाजींनी स्टिअरिंगला हात लावला नाही. घरात मात्र एक थट्टा रुजली. कुठलंही लग्न असो, कुणीतरी म्हणणारच, "दाजी, ब्रेक मधला हं, मधला!" मीही हसायचो. या दिवाळीत त्यांच्या नातीनं विचारलं, "आबा, तुम्हाला गाडी का नाही येत?" दाजी म्हणाले, "मला ब्रेक वेळेवर दाबता येत नाही, बाळा." ते थट्टेत म्हणाले नाहीत. त्यांना ते खरं वाटत होतं.

मी ठरवलं, गाडी उघडून बघायची. दोष सापडला की तो घेऊन दाजींसमोर उभं राहायचं. मनात अशीही एक आशा होती की दोष एखाद्या झिजलेल्या रबराचा निघेल, म्हणजे मला निम्मंच कबूल करावं लागेल.

मखमलाबाद

अपघातानंतर पत्रा सरळ करून गाडी मी मखमलाबादला नानांच्या शेडमध्ये ठेवली होती. नाना माझे जुने स्नेही, झेंडू आणि भाजीपाला करतात. दर दिवाळीला जाऊन गाडी सुरू करायची, शेडमध्येच चार हात पुढे-मागे करायची आणि पुन्हा ताडपत्री टाकायची, एवढाच आमचा संबंध उरला होता.

पोचलो तेव्हा थंडी अंगात शिरत होती आणि नानांच्या घरच्या बायका मेथीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. पुण्यात आपल्याला जुडी मिळते ती वरून टवटवीत आणि आत चिखल. इथे मुळं धुऊन, काड्या एका उंचीला आणून, केळीच्या सोपटानं दोनच वेढे. अर्धा तास मी ते हातच बघत बसलो.

"सुहासराव," नाना ताडपत्री ओढत म्हणाले, "ही तुमची लाल बाई लय जागा खाती बघा. कोंबडी हिच्यावर बसती, पर अंडं खाली जाऊन देती. तिचा बी भरोसा नाय."

पॅडलचं सांगितल्यावर त्यांनी लगेच नाव काढलं. "एकलहऱ्याला पगारे हायेत. थर्मलला फिटर व्हते. माझ्या विहिरीच्या मोटरीपुढं तिघांनी हात टेकले. ह्या माणसानं मोटरीला हात लावायच्या आधी माझीच उलटतपासणी घेतली. पर मोटर आजून चालती."

गाडी नानांच्या फुलांच्या टेम्पोत चढवली. दोर कमी पडला तेव्हा नानांनी पुढे-मागे फुलांची पोती रचली. नाशिक ओलांडताना सिग्नलला थांबलो की लोक हात जोडत होते. झेंडूच्या पोत्यांत लाल काहीतरी बसलंय म्हणजे देवच असणार, असा त्यांचा समज झाला असावा.

एकलहरे

एकलहरे लांबून कळतं. आधी औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या, मग वरच्या बाजूला जरा आवळलेले, पाणी गार करणारे ते अवाढव्य मनोरे. त्यांच्या सावलीच्या अंगाला एका कॉलनीत पगारे काकांचं घर, अंगणात कडुलिंब. काका सत्तरीचे. शर्टाचं गळ्यापर्यंत बटण, चष्म्याला दोरी. समोरून जाणाऱ्या कुणाला तरी त्यांनी "जय भीम" घातला, माझ्याकडे वळले आणि गाडीकडे पाहून म्हणाले, "ही सरांची गाडी ना?"

मी चमकलो. "तुम्ही दाजींना ओळखता?"

"माझी मुलगी त्यांच्या वर्गात होती. लाल गाडीचा अपघात सगळ्या शाळेला माहीत होता. पोरं फार द्वाड. सर फळ्याकडे वळले की मागून ओरडायची, 'ब्रेक मारा सर!'"

थट्टा आमच्या घरापुरती आहे अशी माझी समजूत होती.

काकांनी आतून पत्र्याची एक पट्टी आणून स्टिअरिंगला अडकवली. तिच्यावर रंगानं लिहिलं होतं : काम चालू, हात लावू नये, पगारे. मग स्टूल ओढून माझ्यासमोर बसले. पुण्यात इंजिन बंद व्हायच्या आत मेकॅनिक बिघाड सांगून मोकळा होतो. हा माणूस पाना न उचलता विचारत बसला.

"शेवटचा हात कुणाचा?"

"म्हणजे?"

"प्लांटला आमची ही पहिली रीत. मशीन कुणी शेवटचं उघडलं, काय काढलं, काय लावलं, ते त्यानं स्वतः उभं राहून सांगायचं. मग पुढच्यानं पाना लावायचा. तर ब्रेकला शेवटचा हात कुणाचा?"

आता हे बघा. अपघाताच्या पंधरा दिवस आधी पुढच्या दोन्ही चाकांचे कॅलिपर मी स्वतः काढले होते. कॅलिपर म्हणजे चाकाच्या तबकडीला दोन्हीकडून चिमटीत धरणारा लोखंडी जबडा. ते मी लाल रंगवले, चाकाच्या आऱ्यांतून लाल दिसावेत म्हणून, आणि परत बसवले. हे मला पक्कं आठवत होतं. तरी माझ्या तोंडून निघालं, "कुणाचाच नाही. कंपनीतून आली तशी आहे."

"बरं," काका म्हणाले, आणि कामाला लागले.

मी बरीच गॅरेजं पाहिली आहेत, असं काम पाहिलं नाही. आधी चारी चाकांच्या आतून बोट फिरवून तेल गळतंय का पाहिलं. कोरडं. मग मला पॅडल दाबायला लावून एकेक रबरी नळी मुठीत धरली, फुगते का बघायला. नाही फुगली. मग चारी चाकांतून हवा काढायला घेतली. चाकाशी एक छोटा स्क्रू असतो, त्याला नळी लावून ती बाटलीतल्या तेलात बुडवायची. आत हवा असेल तर बुडबुडे येतात. काका हाका देत होते, "दाब... धर... सोड." काळं तेल गेलं, स्वच्छ आलं, बुडबुडा एकही नाही. पॅडल मात्र तसंच, ओल्या उशीवर पाय ठेवल्यासारखं.

पुढच्या चाकाशी ते जरा थबकले होते. "हा हवेचा स्क्रू खालच्या अंगाला कसा? हे मुळापासून असंच?"

"मुळापासून," मी म्हणालो.

"विलायती आहे. असेल बाबा त्यांची पद्धत."

काकूंनी बाजरीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी वाढली. जेवताना काकांनी बोटांवर हिशेब मांडला. "गळती नाही. नळी फुगत नाही. हवा नाही. मग उरतं काय? पॅडलमागचा मास्टर सिलिंडर. त्याच्या आतली रबरी वाटी गेली असणार. ती इथे मिळायची नाही, मालेगावला मिळेल."

त्यांच्या हिशेबात एकही चूक नव्हती. चूक फक्त माझ्या उत्तरात होती. पण रबर म्हटल्यावर मला बरं वाटलं, आणि चटणी मी पुन्हा मागून घेतली.

मालेगाव

मालेगावची एसटी चांदवडचा घाट चढते तेव्हा दोन्ही बाजूंना डोंगर कापून ठेवल्यासारखे उभे असतात. शेजारच्या बाईंच्या मांडीवर कांद्याच्या रोपांचा ओला गठ्ठा होता. माझ्या हातातली जुनी वाटी पाहून त्यांनी विचारलं, "काय शे हाई?"

"गाडीच्या ब्रेकचं रबर."

"इतलंसं? नि त्याच्यावर गाडी थांबस?" त्यांना ते काही पटलं नाही. गठ्ठा त्यांनी दुसऱ्या मांडीवर घेतला.

मालेगावात उतरलं की आधी आवाज भेटतो. गल्लीगल्लीतून यंत्रमागांची खटखट, आणि त्या खटखटीत लोक हळू आवाजात गप्पा मारतात. आपण ओरडतो, त्यांना आपलं हसू येतं. अन्सारीचाचांचं दुकान दोन कारखान्यांच्या मधल्या बोळात. भिंतभर बिस्किटांचे जुने डबे, प्रत्येकात रबरी वाट्या. कशावरही चिठ्ठी नाही. चाचांनी माझी वाटी अंगठ्यानं दाबली, कानाशी धरून चिमटली, आणि न बघता चौथ्या ओळीतला डबा काढला. आतली वाटी मोजून पाहिली, तंतोतंत.

"ले जाव. पण एक सांगू का? हे जुनं अजून जितं हाय. याला काय झालं नाय." त्यांनी विचारलं, "पॅडल दाबून धरला तर हळूहळू खाली बसतो, का स्पंजसारखा लागतो?"

"स्पंजसारखा. दोनदा दाबला की घट्ट होतो."

"फिर रबर नाय भाई, हवा हाय."

"हवा काढून पाहिली. नाही निघाली."

चाचा हसले. "नाय निघाली म्हणजे नाय, असं थोडीच हाय? मिस्त्रीला माझा सलाम सांगा, बोलो अन्सारी म्हणतो हवा हाय."

त्यांनी चहाबरोबर नानकटाई खाऊ घातली. आतून ओलसर, वेलचीची. तीन खाल्ल्या. परतीच्या वाटेवर ठरवलं की निरोप द्यायचा नाही. रबर मला सोयीचं होतं.

पुन्हा एकलहरे

तिसऱ्या दिवशी नवी वाटी बसली. पॅडल दाबलं. मऊ.

लाकडाच्या दोन चिपांत धरून काकांनी एकेक रबरी नळी आवळायला घेतली, म्हणजे त्या चाकाकडे तेल जाणार नाही आणि दोष कुठल्या बाजूला ते कळेल. मागच्या दोन आवळल्या, फरक नाही. पुढची डावी आवळली, पॅडल निम्मं घट्ट. पुढची उजवीही आवळली आणि माझ्या पायाखाली दगड आला.

"एक बाजू गेली असती तर गाडीनं केलं म्हटलं असतं," काका म्हणाले. "दोन्ही बाजू सारख्याच गेल्यात. हे माणसानं केलंय."

पुढचं चाक उतरवून ते उकिडवे बसले. अंगठ्यानं कॅलिपरवरची माती खरवडली. खाली लाल रंग. चष्मा कपाळावर सरकवून, नाक लावून त्यांनी पाहिलं आणि नखानं रंगातून काहीतरी उपटलं. काळा, बारीक, वाकडा केस.

"हा ब्रशचा केस," ते म्हणाले. "कंपनीत काय ब्रशनं रंगवतात, सुहासराव?"

मी गाडीतून उतरलो.

"परवा विचारलं ते पुन्हा विचारतो. शेवटचा हात कुणाचा?"

"माझा," मी म्हणालो. मग थांबता येईना. रंग, सकाळचं मऊ पॅडल, दवाखाना, चाचांचा निरोप, सगळं उभ्या उभ्या सांगून टाकलं. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

काकांनी मला बोल लावला नाही. त्यांनी मला चूक समजावून सांगितली, आणि ते जास्त कठीण गेलं. उजवा कॅलिपर डावीकडे आणि डावा उजवीकडे बसला होता. भोकं सारखीच, त्यामुळे बसतो. पण मग हवेचा स्क्रू वर असायचा तो खाली जातो. "हवा वर राहते. तुम्ही खालून शंभर वेळा तेल काढा, बुडबुडा येणार कुठून? तुम्ही 'मुळापासून' म्हणालात आणि मी गप्प बसलो. माझंही चुकलंच. पाइपात आयुष्य काढलं मी."

मी सांगितलं नव्हतं एवढाच गुन्हा मी अठरा वर्षं बाळगून होतो. प्रत्यक्षात तो बिघाडही माझ्याच हातचा निघाला.

कॅलिपर आपापल्या जागी गेले. पुन्हा बाटली, पुन्हा नळी. "दाब... धर... सोड." या वेळी बुडबुडे आले. मोठे, मग बारीक, मग साबणाच्या फेसासारखे. ती हवा अठरा वर्षं तिथेच बसून होती. चौथ्या-पाचव्या दाबाला पॅडल पायाला भिडलं आणि तिथेच थांबलं.

मी चावीसाठी हात पुढे केला. काकांनी ती शर्टाच्या खिशात टाकली.

"ही सरांच्या हातात देईन. आमच्याकडे चूक कागदावर टाकून घरी जाता येत नव्हतं. पुढच्या शिफ्टसमोर उभं राहून सांगायची. पुढची शिफ्ट त्यांची आहे."

चौथ्या दिवशी सकाळी ताई आणि दाजी रिक्षानं आले. गाडी पाहून ताईनं डावं कोपर नकळत उजव्या हातात धरलं. मी कडुलिंबाखाली उभा राहून सांगितलं. काल एकदा सांगून झालं होतं, तरी पुन्हा रंगापासून सुरू केलं. दाजींनी मध्ये एकच प्रश्न विचारला, तोही काकांना, आणि अगदी शाळेतल्या सुरात : "हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही, म्हणून पॅडल खाली जातं. बरोबर?"

"बरोबर, सर."

काकांनी पत्र्याची पट्टी काढली आणि चावी त्यांना दिली. दाजी आत बसले. पॅडल दाबलं. सोडलं, दाबलं. बराच वेळ ते तेवढंच करत होते.

"म्हणजे माझा पाय वेळेवर होता," ते म्हणाले.

"हो, दाजी."

ताई माझ्याकडे बघत होती. "हात मोडला त्याचं मला काही नाही रे. पण तू हसायचास. लग्नाच्या पंगतीत बसून, माझ्यासमोर, त्यांना हसायचास." मग ती फिरून काकूंकडे पाणी मागायला गेली, आणि त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही.

हरसूल

पाचव्या दिवशी हरसूलचा बाजार होता. दाजींनीच काढलं, जायचं. सीटा दोनच, त्यामुळे ते दोघं गाडीनं आणि मी एसटीनं. हे सांगताना दाजी हसले नाहीत, पण मला वाटतं त्यांना त्यात थोडी मजा आली.

त्र्यंबक मागे पडलं की रस्ता सागाच्या रानात शिरतो. भात निघून गेलेली खाचरं, उतारावर नागलीची वाळकी धाटं, डोक्यावर मोळी घेतलेल्या बाया. हा रस्ता इतका देखणा आहे हे मला माहीतच नव्हतं. अठरा वर्षं मी फक्त त्यातलं एक वळण डोक्यात धरून होतो.

ते वळण आलं आणि एसटी थांबली. पुढे लाल गाडी उभी होती. समोर गुरं नाहीत, माणूस नाही, रस्ता मोकळा. मागचे दोन दिवे पेटलेले होते, म्हणजे दाजींचा पाय ब्रेकवर होता. ताई शेजारी सरळ बसली होती. डाव्या हाताला तो दगडी कठडा.

"ओ लालवाले!" आमचा ड्रायव्हर खिडकीतून ओरडला. "मुक्काम हाय का काय हितं?"

दिवे विझले. गाडी हळूच पुढे गेली.

बाजारात ते दोघं मला एका झाडाखाली सापडले. मांडीवर पानात नागलीची भाकरी, उडदाची आमटी, मिरचीचा ठेचा. वाढणाऱ्या बाईंनी मलाही भाकरी दिली. काळपट, गरम, जरा धुराचा वास असलेली. ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं ते बरंच झालं.

मी चप्पल काढून बसणार, तेवढ्यात ताई बोलली. कालपासूनचं पहिलं वाक्य.

"सुहास, चपला बघ. उजवी डाव्या पायात तर नाही ना घातलीस?"

दाजींना ठसका लागला. पाणी पिऊन ते म्हणाले, "अगं, बसतात. भोकं सारखीच असतात." आणि मग दोघं हसत सुटले. वाढणाऱ्या बाई काही न कळताही हसल्या.

येत्या लग्नात हे सगळीकडे होणार, मला माहीत आहे. मुलं मोठी होतील तरी चालू राहील. मी चपला नीट तपासल्या, जोडीनं ठेवल्या, आणि भाकरीचा तुकडा मोडला.